बाराव्या धड्याचं शेपूट

१

चोरी झाली की निदान कुलूप तरी तुटतं. शिवानी बिराजदारचं अख्खं दुकान गेलं, आणि घरातला चमचासुद्धा जागचा हलला नाही.

सोमवारी सकाळी तिनं फोनवरच्या ॲपच्या बाजारात ‘धावदोरा’ शोधलं, तर काहीच सापडेना. काल रात्री होतं, आज नाही. ‘धावदोरा’ म्हणजे शिवणकामाची शाळा. कुंभारीची काशम्मा ब्लाऊज कसा बेतायचा, गळा कसा उतरवायचा, ते व्हिडिओतून शिकवायची. सांगोल्यापासून मोडनिंबापर्यंतच्या बायका पहिले धडे फुकट बघायच्या, आणि पुढचे पैसे भरून उघडायच्या. सोलापुरातल्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून कितीतरी जणींना त्यावर काम लागलं होतं.

बाजारवाल्या कंपनीची ईमेल आली होती. बाराव्या धड्याच्या शेवटी बाहेरून पैसे घ्यायची चोरवाट सापडली, म्हणून ॲप काढलं आहे. हे कुणी केलं आणि कसं, याचा पुराव्यासह खुलासा बुधवारी संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर खातं कायमचं बंद.

शिवानी तडक विजयमालाबाईंकडे आली. विजयमाला इंगोले म्हणजे तिच्या आईची मैत्रीण, वैधमापन खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षक. जन्म सांगोल्याचा, नोकरी अख्ख्या जिल्ह्यात, आणि धंदा एकच, दुकानदारांची खोटी वजनं पकडण्याचा. नोकरी सुटली तरी संशय काही सुटला नव्हता. भाजी घेताना आधी रिकामा तराजू बघितल्याशिवाय त्या वांग्याला हात लावत नसत. अख्खी मंडई त्यांना वचकून होती.

“मावशी, संपलं सगळं,” शिवानी दारातूनच म्हणाली.

“संपलं की संपवलं? आधी बस. पाणी पी. आणि मला कळेल असं सांग.”

शिवानीनं सांगितलं. आजवर ॲपमधला धडा विकला की पैसा बाजारवाल्याच्याच गल्ल्यातून जायचा आणि तो त्यातला जाडजूड वाटा कापून घ्यायचा. मग दिल्लीच्या स्पर्धा आयोगानं बजावलं की ॲपवाल्यांवर आपल्याच गल्ल्याची सक्ती करू नका, आणि गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता सांगायलाही त्यांना अडवू नका.

“मग बाहेरून पैसे घेतले तर बिघडलं काय?”

“आधी नोंदणी करावी लागते, मावशी. मग दोन्ही रस्ते गिऱ्हाइकासमोर उघड ठेवायचे. त्यातही ते वाटा घेतातच, पण कमी. आमच्यासारख्या लहान माणसाला तेवढी बचतही पुष्कळ. शुक्रवारी मी त्याच अर्जासाठी पुण्याला वकिलाकडे गेले होते. पुढच्या महिन्यात, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, हे सगळं राजरोस झालं असतं!”

“म्हणजे राजरोस मिळणारी गोष्ट कुणीतरी चोरून केली.” विजयमालाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. “दाखव तो धडा.”

शिवानीनं दाखवला. काशम्मा बाही जोडून हात जोडते, पडदा काळा होतो, आणि तेवढ्यात, शेपूट चिकटवावं तसं, एक मुकं चित्र येतं. हिरवं लोखंडी कपाट. त्यावर पैसे भरायचा क्यूआर कोडचा स्टिकर. वर छापील कागद: ‘पुढचे धडे थेट घ्या. निम्म्या दरात.’

“कपाट कुणाचं?”

शिवानीनं मान खाली घातली. “काशम्माचं. आणि स्टिकरही तिचाच.”

२

कुंभारीतलं काशम्माचं घर म्हणजे पुढची खोली दुकानाची आणि मागची चुलीची. विजयमालाबाई पोचल्या तेव्हा काशम्मा उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ठसठशीत बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग.

“या अक्का, बसा. आज सोमवार, मशीन बंद असतंय. शिवानी कशी हाय?”

“रडतेय,” विजयमालाबाईंनी एका शब्दात निकाल सांगितला आणि आत शिरल्या.

हिरवं कपाट समोरच होतं. त्यावर स्टिकर होता, कागद नव्हता. मशीनशेजारच्या फळीवर जाड कात्री होती, पात्यांना लाल दोरा गुंडाळलेली. बाईंनी ती सहज उचलून दोरा ओढला, तशी काशम्मा लगबगीनं उठली.

“ऱ्हाऊ द्या, अक्का! बंद दिवशी कात्रीचं तोंड बांधायचं. सोमवार असू दे, सणवार असू दे. उगं उघडी ऱ्हायली की घरात कटकट हुती. सासूनं लावलेली सवय हाय, एक दिवस मोडली न्हाय मी.”

बाईंनी कात्री ठेवली. काशम्मानं ताटलीत शेंगापोळी पुढं केली. “सणाची हाय, पर खराब हुत न्हाय. खावा की.”

पोळी खुसखुशीत होती. पण संशयित माणसाच्या हातचं खाताना बाईंना चव लागत नसे. त्यांनी दोन घास कसेबसे गिळले आणि फोन पुढं धरला.

“हे काय आहे?”

काशम्मानं शेपूट बघितलं. पुन्हा बघितलं. “कपाट माजं. स्टिकर माजा. कागद माजा न्हाय.”

“मग भुतानं लावला?”

“यव्वा! मला काय म्हाईत? म्या बाराव्या धड्याचं शूटिंग केलं, क्यामेऱ्याचं कार्ड शिवराजला दिलं. शनिवारी सकाळी आला हुता न्यायला.”

शिवराज म्हणजे शिवानीचा भागीदार, मोडनिंबचा. शूटिंगचं सामान आणणं-नेणं त्याच्याकडे. पण बाईंना आत्ता शिवराजशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी नेम धरून विचारलं, “बाजारवाल्याला वाटा जातो म्हणून तूच कुरकुरत होतीस ना?”

“व्हय, कुरकुरले की! शिकवायचं मी, डोळं फोडायचं मी, आन वाटा कुटल्या परदेशातल्या दुकानदाराला? तोंडावर बोलले शिवानीच्या. चोरून कशाला बोलू?”

“आणि या कागदावरून तुझ्या खात्यात पैसे आले का?”

ती नाही म्हणणार, मग आपण तिला कोंडीत धरणार, असा बाईंचा डाव होता. काशम्मानं मात्र डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, “आले की.”

“आले?”

“दोन दिसांत बऱ्याच जणींचे आले. लगीनसराई हाय, मला वाटलं ब्लाऊजचं ॲडव्हान्स असंल. नावं वळखीची न्हवती, तवा इचारात पडले हुते.”

“विचारात पडलीस, पण शिवानीला फोन नाही केलास.”

काशम्मानं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. तिचा आवाज पडला. “तुमी ठरवूनच आलाय, अक्का. मग मी काय सांगू?”

३

शिवानीचं ऑफिस सात रस्त्याजवळ एका दवाखान्याच्या वर होतं. तिथं अजिंक्य भेटला. ॲप सांभाळणारा हाच. नजर चुकवत होता, आणि नजर चुकवणारा माणूस म्हणजे विजयमालाबाईंना मेजवानी.

“धडा तू चढवलास?”

“हो. शनिवारी. शिवराजदादांनी कार्ड दिलं, मी चढवला.”

“शेवटपर्यंत बघितलास?”

त्याचे कान लाल झाले. “नाही, मॅडम. बाही जोडेपर्यंत बघितला. काकूंचे धडे बघावे लागत नाहीत, चूकच नसते.”

“आणि लपवतोयस काय?”

बाईंनी अंदाजानंच खडा मारला होता, पण तो लागला. पुण्याच्या एका शिवणशिक्षणवाल्या कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती. शिवानीला सांगायची छाती होत नव्हती.

“म्हणजे पुण्याला चाललास.”

“तेच तर नाही कळत. ते म्हणाले, सोलापुरातच बसा, आहे ते काम तसंच चालू ठेवा. त्यांचं इथं ऑफिसच नाही, मॅडम. आई खूश झाली, मीही जास्त विचारलं नाही.”

बाईंनी हे मनाच्या कोपऱ्यात ठेवलं. इतक्यात शिवराज आला. गोरा, हसरा, हातात सगळ्यांसाठी चहाची पिशवी. आल्या आल्या बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंना नमस्कार करणारी माणसंही आवडत नसत, पण हा बिचारा खरंच खचलेला दिसत होता.

“मावशी, मला बोलायचंच नव्हतं,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “काशम्माकाकूंवर माझा लई जीव. पण आता कंपनीचाच प्रश्न आला.” त्यानं फोन काढला. “मी शुक्रवारी दुपारी कुंभारीला गेलो होतो, नवीन दिवा द्यायला. काकू कापड कापत बसल्या होत्या. कपाटावर हा कागद. मी म्हटलं, काकू, हे काय? तर कात्री चालवता चालवता हसल्या. म्हणाल्या, माझ्या घरच्या गिऱ्हाइकांसाठी हाय. मला कसंतरीच वाटलं, म्हणून फोटो काढून ठेवला. तारीख बघा की, शुक्रवारचीच आहे.”

फोटो खणखणीत होता. हिरवं कपाट, स्टिकर, कागद, खाली मशीनचा कोपरा आणि फळी.

“काशम्मा दिसत नाही यात,” बाई म्हणाल्या.

“त्यांचा फोटो कसा काढणार, मावशी? बरं दिसतं का? त्या इकडं बाजूला बसलेल्या.”

“मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?” शिवानी ओरडली.

“वाटलं, घरच्या गिऱ्हाइकांचं असेल. धड्यात घुसवतील असं स्वप्नातसुद्धा आलं नाही.”

सगळं कसं जिथल्या तिथं बसलं. काशम्माचं घर, काशम्माचा स्टिकर, काशम्माची कुरकुर, काशम्माच्या खात्यात पैसे, आणि आता फोटो. विजयमालाबाईंनी फोटो आपल्या फोनवर मागवून घेतला आणि उठल्या. शिवानी संगणकासमोर बसली. खुलाशात ‘जबाबदार व्यक्ती’ असं लिहून तिची बोटं थांबली.

“मला शिवणाचा श्रीगणेशा तिनंच शिकवला, मावशी. मी फ्रॉक घालायची तेव्हा.”

“मग?”

“मग काय. हे नाव लिहिलं की तिच्याकडं कोण शिकेल? पोरीबाळी चोरटी म्हणतील तिला. आणि नाही लिहिलं, तर आपलं दुकान बुडतं.”

बाई दाराकडे वळल्या. जिन्यात पोचेपर्यंत त्यांना मागून टकटक ऐकू आली. शिवानीनं नाव लिहिलं होतं.

४

बुधवारी सकाळी विजयमालाबाई दुधाची पिशवी कापायला कात्री शोधत होत्या. कात्री सापडली, पिशवी सापडेना. शोधता शोधता हातातली कात्री नुसतीच कचकच वाजत राहिली, आणि त्यांना आईची आठवण आली. सांगोल्याची त्यांची आईही हेच म्हणायची, की रिकामी कात्री वाजवू नको गं, घरात भांडणं लागतात.

कात्री हातातच राहिली. दूध राहिलं, चहा राहिला. बाईंनी चष्मा लावला आणि फोनवरचा तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. कपाट सरकलं, मशीन सरकलं, फळी आली.

फळीवर कात्री होती. पात्यांना लाल दोरा गुंडाळलेला.

“अगं बाई!” त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. शिवराजच्या म्हणण्याप्रमाणे काशम्मा कात्री चालवता चालवता हसली होती. मग ही कोणती कात्री? काशम्माची एक दिवस न मोडणारी सवय, बंद दिवशी तोंड बांधायची. पण शुक्रवार काही बंद दिवस नव्हे. सोमवार आणि सणवार, एवढंच ती म्हणाली होती.

सणवार. आणि सोमवारी ताटलीत आलेली शेंगापोळी? ‘सणाची हाय,’ असं ती म्हणाली होती, आणि आपण कुठला सण म्हणून विचारलंही नाही. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. शुक्रवारच्या चौकटीत काळा गोल होता. अमावस्या. खाली बारीक अक्षरात: वेळा अमावस्या.

सांगोल्याकडे हा सण नाही. मोडनिंबकडेही नाही. पण कुंभारी, अक्कलकोट, तिकडच्या कानडी मुलखात या दिवशी काय असतं, ते बाईंनी नोकरीत डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा भर दुपारी त्या तिकडच्या एका गावी वजनं तपासायला गेल्या, तर तपासायला गावात माणूसच नव्हता!

त्यांनी शिवानीला फोन लावला. “खुलासा पाठवलास?”

“आता पाठवणारच होते.”

“हात मागं घे! शिवराजला आणि त्या अजिंक्यला घेऊन कुंभारीला ये. काही बोलू नकोस. काशम्माची कबुली घ्यायचीय म्हणावं.”

५

काशम्माच्या पुढच्या खोलीत सगळे दाटीनं बसले. काशम्मा मशीनवर होती, कुणाकडं बघत नव्हती. शिवराजनं तिलाही वाकून नमस्कार केला.

“शिवराज, बाळा,” विजयमालाबाईंचा आवाज तुपासारखा होता. त्यांच्या नोकरीतले दुकानदार या आवाजाला सगळ्यात जास्त भ्यायचे. “शुक्रवारचं पुन्हा एकदा सांग. तिच्या तोंडावर.”

शिवराजनं सांगितलं. दिवा द्यायला आलो, काकू कापड कापत होत्या, हसल्या, फोटो काढला.

काशम्माचं मशीन थांबलं. तिनं तोंड उघडलं, पण बाईंनी हातानं थांबवलं.

“गल्लीत कोण कोण होतं तेव्हा?”

“कुणी नव्हतं, मावशी. चिटपाखरू नव्हतं.”

“शेजारच्या म्हाताऱ्या? पोरंबाळं? समोरचा किराणावाला?”

“दुपारची वेळ. सगळी झोपली असतील की.”

“तुला नवल नाही वाटलं? भर दुपारी अख्खी गल्ली चिडीचूप, दारोदार कुलपं. नशीब म्हणालास ना मनात? बरं झालं, कुणी बघायला नाही?” बाई काशम्माकडं वळल्या. सोमवारीच विचारायचा प्रश्न त्यांनी आत्ता विचारला. “काशम्मा, शुक्रवारी दुपारी तू कुठं होतीस?”

“कुटं म्हंजी? येळवस हुती की! समदं गाव रानात. पांडव पुजलं, आंबील शिपडली, भज्जी-उंडं खाल्लं. दिवस बुडाल्यावर घरी आलो. आमच्या कडब्याच्या कोपीत पन्नास माणूस जेवलंय, इचारा कुणालाबी.”

शिवराजच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो चिवट होता. “मग... मग गुरुवार असेल. माझी गडबड झाली असेल.”

“तारीख बघा की, असं तूच म्हणालास. ती खोटी नाही. तू खोटा आहेस.” बाईंनी फोटो सगळ्यांना दाखवला, फळीवर बोट ठेवलं. “ही कात्री चालवत होती ना ती? दोरा बांधलेल्या कात्रीनं कापड कापत होती? सणाला जाताना ती कात्रीचं तोंड बांधून गेली होती. तू आलास तेव्हा घरात कोणीच नव्हतं. काशम्मा, किल्ली कुठं ठेवतेस?”

“दाराशेजारच्या दिवळीत,” काशम्मा हळूच म्हणाली. “शूटिंगला येतंय म्हणून म्याच त्याला सांगितलं हुतं.”

“दार उघडलंस, कागद लावलास, शेपूट शूट केलंस, पुरावा म्हणून फोटो काढलास, कागद काढून नेलास. शनिवारी तिच्याकडून कार्ड घेतलंस आणि अजिंक्यला द्यायच्या आधी शेपूट जोडलंस. बाहीपर्यंतच बघतो तो, हे तुला ठाऊक. राहिला प्रश्न कशासाठी, तर तेही या अजिंक्यनं मला सोमवारीच सांगितलं. त्याला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही.”

अजिंक्य दचकला. “मी?”

“पुण्याच्या कंपनीचं इथं ऑफिस नाही, तरी तुला सोलापुरात बसूनच आहे ते काम कर म्हणाले. आहे ते काम म्हणजे ‘धावदोरा’च की! ते विकत घ्यायचं त्यांचं ठरलंच होतं. शिवानी तर विकणार नाही. मग ठरवलं कुणाशी? दुसऱ्या भागीदाराशी.”

मग शिवराज बोलला, तेव्हा त्याच्या आवाजातली साखर गेली होती.

“वर्षभर विनवलं हिला, वीक म्हणून. माझा वाटा अडकून पडलाय. मोडनिंबला हायवेवर हॉटेलची जागा धरून ठेवलीय मी. जोवर बाजारवाला वाटा कापत होता, तोवर हिला एक दिवस विकणं भागच होतं. आणि हा नवा नियम आला! नोंदणी झाली असती, चार पैसे सुटले असते, मग हिनं कशाला विकलं असतं? बंद पडलेलं ॲप पुणेवाले घेणारच होते, धडे तर तयारच आहेत. आणि पुन्हा सुरू झालं असतं, तरी काकूंशिवाय हिनं नवे धडे कुठून आणले असते?”

“आणि काशम्मा?” शिवानीनं विचारलं. “तिनं तुला पोरासारखं खाऊ घातलं, शिवराज.”

“पैसे तिच्याच खात्यात गेले की. मी एक रुपया घेतला नाही.”

“नाव घेतलंस,” काशम्मा म्हणाली.

६

खुलासा त्याच संध्याकाळी गेला, शिवराजच्या लेखी कबुलीसह. ॲप परत यायला थोडे दिवस लागले. नोंदणीचा अर्ज शिवानीनं पुन्हा भरला, या वेळी एकटीनं. काशम्मानं ज्यांचे पैसे आले होते त्या एकेकीला फोन करून ते परत केले.

पण तेराव्या धड्याचं काही ती बोलेना. शिवानी रोज कुंभारीला जाऊन बसायची. काशम्मा तिला जेवू घालायची, आणि गप्प राहायची. शिवानीला ते रागावण्यापेक्षा जड जायचं. खुलाशाच्या कच्च्या मसुद्यात आपलं नाव लिहिलं होतं, हे काशम्माला कळलं होतं. शिवानीनंच रडत रडत सांगितलं होतं.

मग एक दिवस कार्ड आलं. शिवानी ते घेऊन विजयमालाबाईंकडे आली. दोघींनी मिळून बघितलं. पडद्यावर काशम्मा होती, विभूती लावून, हातात टेप घेऊन. समोर स्टुलावर शेजारची कुणी पोर बसलेली.

“आज अंगावरचं माप,” काशम्मा म्हणाली. “लई जणी जुना ब्लाऊज बघून अंदाजानं कात्री लावत्यात. कापड एकदा कापलं की जुळत न्हाय. बाई समोर बसलीया न्हवं? मग तिलाच इचारा. कुटं घट्ट हुतंय, कुटं सैल. तिला तोंड हाय, ती सांगती.”

तिनं टेप पोरीच्या खांद्याला लावला, आणि खरंच विचारलं, “सांग गं, कसं हुतंय?”

विजयमालाबाईंनी चष्मा काढून पुसला. शिवानी पदराआड रडत होती. धडा मात्र बाही, गळा, काख असा नेहमीसारखा सावकाश पुढं चालला होता.

“शेवटपर्यंत बघ,” बाई म्हणाल्या.

शेवटी काशम्मानं हात जोडले, आणि पडदा काळा झाला. मागं काहीच नव्हतं.

बाईंनी शिवानीला चढव म्हणून सांगितलं, आणि स्वतः चपला पायात घातल्या.

“कुठं निघालात, मावशी?”

“कुंभारीला. त्या दिवशी तिची शेंगापोळी मी अर्धीच खाल्ली होती.”